विहाराला दोन कुलपं

११ जुलै, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले, शकूताई, राग गिळू नका, लिहून काढा, बीपी खाली येईल. मी बत्तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर होते. गोळी सुचेनाशी झाली की डॉक्टर असलं काहीतरी सांगतात, हे मला कोणी शिकवायला नको. तरी मृणालने ही डायरी आणून दिली म्हणून लिहिते. पोरीचं मन कशाला मोडा.

कालच्या आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास लागला. म्हणजे आश्विन पौर्णिमेपर्यंत भन्तेजी आमच्या आम्रपाली चाळीतल्या विहारातच राहणार. रात्रीचा मुक्काम दुसरीकडे करायचा नाही, असा त्यांचा नियम. रोज एकेका घरातून बाराच्या आत भोजनदान, बारानंतर ते काही खात नाहीत. आणि ज्या विहारात वर्षावास पुरा होईल तिथेच शेवटी चीवरदानाचा, म्हणजे भन्तेंना नवं वस्त्र द्यायचा सोहळा. अख्ख्या कल्याण पूर्वेत यंदा आमच्याकडे परदेशचे भन्ते आहेत. जळणाऱ्यांनी जळावं.

भन्ते तेजिंद ब्रह्मदेशचे, वय बत्तीस-तेहेतीस. पाली शिकायला इकडे आले आणि मागे देशात लष्कराने सत्ता घेतली. लढाई पेटली, गाव जळलं. पासपोर्टची मुदत संपलीय. भाऊ लष्कराविरुद्ध लढायला गेलेला, त्यामुळे त्यांच्या वकिलातीत पाऊल ठेवायची सोय नाही. दिल्लीत निर्वासितांचं काम बघणाऱ्या कचेरीने १८ सप्टेंबरची मुलाखत दिलीय. तिथलं कार्ड हातात आलं की जरा तरी आधार. तोवर कोणी कागद मागायला नको. हे माहीत आहे तिघांनाच: विहार कमिटीचा अध्यक्ष माझा सीतारामदादा, सेक्रेटरी सौमित्र आणि मी. दादा म्हणाला, "शकू, बोभाटा नको. चाळीत कोण कागद विचारतंय?"

हे झालं महत्त्वाचं. आता रागाचं. नाक्यावर वर्षावासाचा बॅनर लागलाय. त्यावर सौमित्रचा फोटो भन्तेजींएवढा, दादाचा पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि महिला मंडळ औषधालासुद्धा नाही. विहाराची फरशी कोणी घासली? पडदे कोणी शिवले? मी विचारलं तर दात काढून म्हणतो, "ताई, जागा संपली."

जागा संपली म्हणे.

२० जुलै, रविवार

आज वंदनेच्या मध्येच सौमित्रने दादाच्या हातातून माईक घेतला. मोठ्या माणसाच्या हातातून! दादा शिकवणारा, दादाने त्याला पंचशील तोंडपाठ करून घेतलेलं, आणि हा म्हणतो, "काका, तुमचा आवाज पोचत नाही मागे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वंदना संपल्यावर मी अँप्लिफायर उचलला आणि घरी आणला. माझ्या कॉटखाली आहे. आता पोचव म्हणावं आवाज.

 भांडण चालू असताना भन्तेजी खाली बघत चटईची सुटलेली काडी आत खोचत होते.

२७ जुलै, रविवार

सौमित्रने दुसरा अँप्लिफायर आणला. मोठा. चाळीतली निम्मी घरं त्याच्या बाजूला गेली. त्यांना काय, त्याने पोरांच्या ॲडमिशनला चार फोन केले की झालं.

आज भोजनदान आमच्याकडे होतं. जेवणानंतर भन्तेजींनी पहिल्यांदा गावचं सांगितलं. त्यांचं मराठी इथेच शिकलेलं, तोडकंमोडकं. "आमच्या गावात लढाई नाही, उपासिका. बाजूच्या गावात. तिथे माझी मावशी. मावशीचे मुलगे पळून आमच्या घरी आले. आई भात दिली. मग सैनिक आले. विचारले, भात कोण दिला?"

एवढं सांगून ते हात धुवायला उठले. मी पुढचं विचारलं नाही. मृणाल उठून आत गेली.

काय माणसं आहेत ही! आपसात लढायचं तर लढा, बाजूच्या गावाने काय घोडं मारलंय? ज्यांचा संबंध नाही त्यांना कशाला ओढता? मी दिवसभर धुमसत होते.

संध्याकाळी दर्शनाला फोन केला. माझी धाकटी बहीण, चाळीच्या भिंतीपलीकडे नालंदा सोसायटीत राहते, सोसायटीची सेक्रेटरी आहे. म्हटलं, रविवारी तुमच्या हॉलमध्ये आमची वंदना होऊ दे. ती कां-कूं करत होती. "ताई, आमच्या इथे सगळ्या जातीधर्माची माणसं आहेत. आजवर कसलं भांडण नाही. तुमची भानगड इकडे नको गं." मी म्हटलं, सख्खी बहीण ना तू? मग कोणाकडे जाऊ?

दिला हॉल.

३ ऑगस्ट, रविवार

नालंदाच्या हॉलमध्ये वंदना झाली. कॉटखालचा अँप्लिफायर बाहेर काढला. भिंतीच्या अलीकडे सौमित्रचा स्पीकर, पलीकडे आमचा, दोन्हीकडे एकच बुद्धवंदना, फक्त अर्ध्या ओळीच्या फरकाने. आमचा आवाज चांगला होता.

नालंदात दुसऱ्या मजल्यावर सौमित्रचा साडू साकेत राहतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं. तो खाली येऊन दर्शनाच्या अंगावर ओरडला. "कोणाला विचारून हॉल दिला? उद्या आमच्या माणसांनी मागितला तर देणार का?" दर्शना रडकुंडीला आली. आता त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात म्हणे. लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात.

त्या साकेतला काय पडलंय? भांडण आमच्या चाळीचं. उगाच नाक खुपसायची सवय लोकांना.

१७ ऑगस्ट, रविवार

बीपी एकशे सत्तर. डॉक्टरांना म्हटलं, लिहितेय हो, लिहितेय.

२४ ऑगस्ट, रविवार

आज विहारात मृणालचं व्याख्यान झालं. ती डोंबिवलीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. 'ब्रह्मदेशातली लढाई शेजारच्या देशांत का जाते' असा विषय. वर्षावासाच्या सुरुवातीलाच ठरलेलं, म्हणून दोन्ही पार्ट्या आल्या. आमची माणसं डावीकडे बसली, त्यांची उजवीकडे, मध्ये चटईची एक पट्टी मोकळी.

पोरगी बोलली छान. मी आई म्हणून सांगत नाही. म्हणाली, "आपण समजतो, लढाई पाण्यासारखी असते, भरली की बाहेर सांडते. तसं नसतं. लढाईला कोणीतरी हाताला धरून पलीकडे नेतं. बॉर्डर नकाशावर असते, पण सोयरिकी नकाशा बघून होत नाहीत. मिझोरामची माणसं आणि पलीकडची चिन जमातीची माणसं एकाच रक्ताची. पलीकडे बॉम्ब पडले तेव्हा हजारो लोक इकडे आले, आणि इकडच्यांनी घरं उघडली. ते चांगलंच केलं. पण लढणाराही दमला की भाऊबंदाकडेच येतो. दम खायला, जखम बांधायला, पुन्हा जायला. मग ते घर, घर राहत नाही, समोरच्याच्या लेखी ती छावणी होते. आणि पलीकडे त्या समोरच्याचाही कोणी सोयरा असतोच. तोही उठतो. प्रत्येक जण म्हणतो, मी फक्त माझ्या माणसाला मदत करतोय."

मागून सौमित्र ओरडला, "मॅडम, टोमणे नकोत!" टोमणा कुठला? ती ब्रह्मदेशाचं सांगत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणावं तर राग येतो. मी उभी राहून त्याला चांगलं सुनावलं. मग त्याचा भाऊ उठला, मग आमची बाजू उठली. मृणाल माईक धरून तशीच उभी. शेवटी ती म्हणाली, "एकच राहिलं. यात मरतो तो बहुतेक वेळा कोणाच्याच बाजूचा नसतो." पण ते कोणी ऐकलं की नाही कोण जाणे, गलका इतका होता.

घरी आल्यावर मी म्हटलं, भाषण मस्त झालं. ती म्हणाली, "आई, अँप्लिफायर परत दे." याचा इथे काय संबंध?

३० ऑगस्ट, शनिवार

सौमित्रने जाहीर केलं की चीवरदान त्याच्या कमिटीचं. अध्यक्ष तो स्वतः. दादाला कोणी विचारलंसुद्धा नाही. दादा जाब विचारायला गेला आणि तिथेच चक्कर येऊन बसला. दर्शना त्याला तिच्याकडे घेऊन गेली. तिच्याकडे कमोड आहे, दादाचे गुडघे काही चाळीतल्या संडासात वाकत नाहीत.

मी रात्रभर तळमळले. चीवरदान त्याचं? त्याचं?

१ सप्टेंबर, सोमवार

सुचलं! आजारी उपासकाने बोलावलं तर भन्तेंना वर्षावासात सात दिवस बाहेर राहता येतं, तशी सूट आहे. मी विहारात जाऊन सांगितलं, दादा आजारी आहे, परित्राण पाठासाठी याल का? भन्तेजी लगेच उठले. चीवर आणि भिक्षापात्र, बस. दाराशी थांबून म्हणाले, "उपासिका, सातव्या दिवशी मी परत येणार. नाही आलो तर वर्षावास तुटतो." म्हटलं, हो हो.

दर्शनाच्या मजल्यावर एक फ्लॅट बंद आहे, मालक दुबईला, चावी तिच्याकडे. तिथे त्यांची सोय केली. स्वच्छ, हवेशीर. चाळीतल्या विहारापेक्षा कितीतरी चांगलं.

आणि ते बाहेर पडल्याबरोबर मी विहाराला कुलूप लावलं. जुनी किल्ली दादाकडे असायची, ती आता माझ्या पर्समध्ये. राहू दे सौमित्रला बाहेर. भन्ते नालंदात, तर चीवरदानही नालंदात. नवा विहार तिथेच करू.

दर्शना विचारत होती, "ताई, भन्तेजींचं आधार, पासपोर्ट काही आहे ना? आमच्याकडे नवीन माणूस राहायला आला की पोलीस व्हेरिफिकेशन लागतं." म्हटलं, सगळं आहे, तू काळजी करू नकोस. दादाने बोभाटा करू नको म्हटलेलं. बहीण असली तरी तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

सौमित्रला पत्ता लागला. विहाराच्या दारावर माझ्या कुलपाच्या वर त्याने आपलं कुलूप लावलंय. माझ्यापेक्षा मोठं. मूर्ख! बंद दाराला कुलूप लावतो.

दादाला बरं वाटतंय. भन्तेजी रोज त्याच्या उशाशी बसून पाठ म्हणतात. त्यांचा आवाज इतका हळू, की दर्शनाची शेजारीण, ती गणपतीवाली, तीसुद्धा मोदक बाजूला ठेवून दारात येऊन ऐकत उभी राहिली.

भन्तेजींनी मला विचारलं, "रविवारी सातवा दिवस. विहार उघडं आहे?" मी म्हटलं, बघू. मृणाल तिथेच होती. जिन्यात तिने माझा दंड धरला. "आई, किल्ली दे." मी दिली नाही. तिला कमिटीतलं काय कळतं?

७ सप्टेंबर, रविवार, भाद्रपद पौर्णिमा

आज भन्तेजी फ्लॅटमध्ये नव्हते. दादा म्हणाला, संध्याकाळीच पात्र घेऊन निघाले, तुझी वाट बघून. जातील कुठे? दोन कुलपं बघून येतील परत. मी मुद्दामच विहाराकडे गेले नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

अक्षर लागणार नाही. तरी लिहिते.

साकेतने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेलं की बंद फ्लॅटमध्ये अनोळखी माणूस राहतो, व्हेरिफिकेशन झालंय का? सगळी घरं दर्शनाच्या मागे लागली. तिने गुरुवारीच पोलिसांकडे फॉर्म दिला. नियमाप्रमाणे. मला सांगितलंसुद्धा नाही! गणपतीचा बंदोबस्त संपला आणि आज सकाळी दोन पोलीस आले, साधी चौकशी करायला. फ्लॅटला कुलूप. ते निघालेच होते. वॉचमनने भिंतीकडे बोट दाखवलं. "वो महाराज तो कल शाम से उधर बैठे हैं, मंदिर की सीढ़ी पे."

भन्तेजी विहाराच्या पायरीवर बसलेले. रात्रभर. पावसात. दार उघडत नाही तर नाही, निदान विहाराच्या हद्दीत तरी असावं, म्हणून दाराला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन. चीवर पिळून घ्यावं इतकं भिजलेलं. पोलिसांनी नीटच विचारलं, पासपोर्ट दाखवा. त्यांनी दाखवला. लपवलं नाही. खोटं कसं बोलणार?

चाळ गोळा झाली. दादा नालंदातून अनवाणी धावत आला. मी आले तेव्हा ते गाडीत बसत होते. मला बघून त्यांनी हात जोडले.

मी दर्शनाला वाट्टेल ते बोलले. ती पण बोलली. "तू सांगितलंस का मला? पासपोर्ट संपलाय म्हणून सांगितलंस? सगळं आहे म्हणालीस! तीस घरं माझ्या अंगावर आलेली, ताई. तू ओढलंस मला यात!"

सौमित्रचा चेहरा पांढराफटक. "मी साकेतला एवढंच बोललेलो की फ्लॅट खाली करायला लाव. कागदांचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. शप्पथ." खोटारडा. तरी मला वाटतं, ते खरं होतं.

दुपारी सगळे चौकीवर गेलो. साहेब चांगला माणूस होता. म्हणाला, ते तुमच्या विहारात किती दिवस आहेत, दिल्लीची तारीख कधी आहे, जबाबदार माणसाने जबाब द्या, मी वरती पाठवतो. विहार कमिटीचे अध्यक्ष कोण?

दादा उभा राहिला. सौमित्र उभा राहिला.

साहेबाने एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. आणि देवा, मी काय केलं? मी बॅनरचा विषय काढला. तिथे, चौकीत. हा स्वतःला अध्यक्ष म्हणवतो साहेब, पण याने फोटो कसा छापला बघा. सौमित्रही सुरू झाला. साहेबाने पेन खिशाला लावलं. "आधी विहार कोणाचा ते ठरवून या," म्हणाला, आणि उठून गेला.

आतल्या बाकावर भन्तेजी बसलेले. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज दिल्लीची मुलाखत होती.

२ ऑक्टोबर, गुरुवार

मृणालने वकील केलाय. भन्तेजींना परत पाठवू नये म्हणून अर्ज गेलाय. निकाल काय लागेल, कोणी सांगत नाही. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. दादा दर्शनाकडेच आहे, मला तिथे जायचं तोंड नाही. नालंदात दर्शनाने सेक्रेटरीपद सोडलं. साकेत दुसरीकडे भाड्याने घर शोधतोय म्हणे. हॉलला आता कायमचं कुलूप.

मला सगळ्यांचा राग येतो. ब्रह्मदेशच्या त्या सेनापतींचा येतो, साकेतचा येतो, फॉर्म काढणाऱ्यांचा येतो. सौमित्रचा तर इतका येतो की जेवण जात नाही. पण परवा भाजी चिरताना एकदम हात थांबला. भात कोण दिला, असं सैनिकांनी विचारलेलं. भन्तेजींच्या आईने तरी भात दिला होता. मी काय दिलं?

डॉक्टर म्हणाले होते, लिहिल्याने राग उतरतो. उतरत नाही. फक्त तो कोणाकडे जातोय ते दिसायला लागतं, आणि ते बघवत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार, आश्विन पौर्णिमा

वर्षावास आज संपला. चीवरदान कुठेच नाही.

मृणाल कोठडीत जाऊन भन्तेजींना भेटून आली. तिथे बाराच्या आत जेवण मिळत नाही, पण एक हवालदार डबा लवकर देतो म्हणे. बारीक झालेत. तिने विचारलं, काही हवंय का? चीवर, औषध, काही? ते म्हणाले, काही नको. मग म्हणाले, "आईला विचार, विहार उघडलं का? बुद्धासमोर आज दिवा कोण लावणार?"

मृणालने मला हे सांगितलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.  महिनाभर विहार बंद आहे. आत त्यांची चटई असेल, पावसाने बुरशी आलेली असेल. मूर्तीसमोरची फुलं तशीच कुजलेली.

मी पर्स काढली, किल्ली काढली. माझं कुलूप मी काढीन. पण वर सौमित्रचं आहे. मोठं.

म्हणजे त्याच्या दारात जायचं. त्याची बायको दार उघडणार, तो पलंगावर बसून टीव्ही बघत असणार, आणि मी म्हणायचं, सौमित्र, किल्ली दे. जीभ उचलत नाही. त्याने बॅनरवर काय केलं ते मी मेल्यावरही विसरणार नाही. त्याला माफ केलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

मृणाल चप्पल घालून दारात उभी आहे. दिवे लागायची वेळ झाली. जाते मी.